धोंड्याभोवती लोकर

ग्लेनफारा गावात बघण्यासारख्या पाच गोष्टी आहेत, असं वेशीवरच्या पाटीवर लिहिलं होतं. बबनचं मत विचाराल तर ती पाटी जरा उदार मनाने लिहिलेली होती.

एक पूल होता, पण त्याच्याखाली नदी नव्हती. जुन्या काळी मोठा पूर आला, नदीने वाट बदलली आणि पूल गवतात उभा राहिला. एक किल्ला होता, म्हणजे किल्ल्याची एक भिंत होती. एक तळं होतं. स्कॉटलंडमधल्या दुसऱ्या एका तळ्यात राक्षस आहे म्हणून लोक लांबून येतात. ग्लेनफाराच्या तळ्यात राक्षस नाही याची गावकरी खात्री द्यायचे. चौथी गोष्ट दोन चर्च, समोरासमोर, आणि घरं सगळी मिळून चाळीस. पाद्री कोणी नेमायचा यावरून दीडशे वर्षांपूर्वी भांडण झालं, तेव्हा अर्धं गाव रस्ता ओलांडून पलीकडे गेलं आणि तिथेच बसलं. आणि पाचवा तो माळावरचा उभा धोंडा. पुरुषभर उंच, जरासा कललेला. कोणी उभा केला, कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

एवढ्याशा भांडवलावर बबनची बायको लता दर शनिवारी पाहुण्यांना गाव दाखवायची आणि लोक हसत हसत परत यायचे. बबन मागून छत्र्या घेऊन चालायचा.

हे दोघं तिथे पोचले ते गाडीच्या कृपेने. बबन नॉटिंगहॅमला मोज्यांच्या कारखान्यात मशीनवर होता. त्र्याऐंशी साली कारखाना बंद पडला. पुढच्या वसंतात त्याने लताला हायलँड्स दाखवायला नेलं आणि त्यांची जुनी फोर्ड ग्लेनफाराच्या पोस्टासमोर बसली. इन्व्हरनेसहून पार्ट यायला चार दिवस लागले. तेवढ्यात लता निम्म्या गावाच्या स्वयंपाकघरात जाऊन आली होती. पोस्टाशेजारचं घर विकायला आहे, ही बातमी तिनेच आणली.

"इथे राहायचं? अगं, इथे आहे काय?" बबन म्हणाला.

"नॉटिंगहॅमला तरी आता काय ठेवलंय? मूल नाही, बाळ नाही, मोजेही नाहीत."

त्यांनी घर घेतलं आणि पाहुण्यांना रात्रीपुरती खोली आणि न्याहारी देणारं बी अँड बी काढलं. सकाळी पॉरिज, आणि कोणी धीट पाहुणा असला तर पोहे.

लताला थापा मारायची आवड होती आणि बबनला खरं बोलायची खोड. किल्ल्याच्या भिंतीपाशी लता सांगायची, की इथल्या सरदाराला घरात टिकायची सवय नव्हती. आज ही लढाई, उद्या ती शिकार. शेवटी बायकोने वैतागून तीन भिंती स्वतः पाडल्या आणि म्हणाली, तुला बाहेरच आवडतं ना, मग बस आता बाहेर.

"लता, लोकांनी दगड गोठे बांधायला नेले. शाळेच्या फार्कर मास्तरांनी सांगितलंय," बबन रात्री म्हणायचा.

"ते खरं आहे हो. पण त्यात ऐकण्यासारखं काय आहे?"

धोंड्याची गोष्ट मात्र थाप नव्हती. ती बबनच्या डोळ्यांदेखत घडली.

पहिल्याच वर्षी ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. नॉटिंगहॅमला असताना लता कुंडीतल्या रबराच्या झाडाला दोरा गुंडाळायची. रबर वडाच्या नात्यातलंच आहे, असं तिचं म्हणणं. ते झाड ग्लेनफाराच्या थंडीत महिन्याभरात मेलं.

"वड नाही तर निदान जुनं आणि जागचं न हलणारं काहीतरी पाहिजे," ती म्हणाली.

"मी आहे की."

"तुमच्याभोवती फिरतेच आहे वीस वर्षं. आज जरा बदल."

ती साडीवर पावसाळी अनोरॅक चढवून माळावर गेली. सुताचा दोरा नव्हता, म्हणून लोकरीचा गुंडा घेतला. गावात मेंढ्या माणसांपेक्षा जास्त, लोकरीला तोटा नव्हता. ती धोंड्याभोवती फिरायला लागली तेव्हा पोस्टवाली मोराग आपलं कुत्रं फिरवत तिथे आली. मोराग तेव्हा पंचाहत्तरीला टेकली होती. तिला वाटलं, या बाईची लोकर गुंतली आहे. मदत करावी म्हणून तिने गुंडा धरला.

"हे कशासाठी?" तिने चौथ्या फेरीला विचारलं.

"नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. आणि पुढचे सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून."

मोरागने जरा लांब उभ्या असलेल्या बबनकडे नीट पाहून घेतलं. "हाच?"

"हाच."

मोरागने विचार केला. मग लोकरीचं टोक हातात घेऊन ती धोंड्याला अर्धी फेरी मारून थांबली. "अँगसला एवढं पुरे," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी चार बायका आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी लग्न ठरलेली एक मुलगी आपल्या मैत्रिणींना घेऊन आली. मग लताने तो धोंडा शनिवारच्या फेरीत घातला आणि पर्यटक बायका पोस्टातून लोकर विकत घेऊन फिरायला लागल्या. चिमण्या ती लोकर घरट्यांसाठी उपटून न्यायच्या, मेंढ्या अंग घासून काढायच्या, आणि धोंडा परत नव्या लोकरीला मोकळा व्हायचा.

मोरागचा अँगस अर्ध्या फेरीच्या मानाने बरीच वर्षं टिकला. आणि लताचं व्रत तर असं लागू पडलं, की बबनला आठ वर्षांत साधी सर्दी झाली नाही. स्वतःसाठी काही मागायचं तिला सुचलं नव्हतं. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि नाताळच्या आत गेली. बबनला या व्रतातली ही चूक कोणालातरी दाखवून द्यावीशी वाटायची, पण तक्रार कुठे करायची ते कळत नव्हतं.

शनिवारची फेरी बंद पडली. जूनच्या सुरुवातीला फार्कर मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन बबनच्या स्वयंपाकघरात आले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, गावच्या कौन्सिलचे अध्यक्ष. कौन्सिलने ठरवलं होतं, की गावाच्या इतिहासाची कॅसेट काढायची. पाहुण्यांनी पोस्टातून वॉकमन भाड्याने घ्यायचा आणि कॅसेट ऐकत आपापलं फिरायचं. मजकूर मास्तरांनीच लिहिला होता, आवाजही त्यांचाच.

त्यांनी बटण दाबलं. पूल आला, भिंत आली, गोठे आले. तळ्यात राक्षस नसल्याचा उल्लेख दोनदा आला. मग मास्तरांचा आवाज खोल गेला: "इतिहासाच्या पहाटेपासून ग्लेनफाराच्या स्त्रिया या शिळेभोवती सूर्याच्या दिशेने फिरत लोकर गुंडाळत आल्या आहेत."

"चौऱ्याऐंशी सालापासून," बबन म्हणाला.

मास्तरांनी टेप थांबवला. "काय?"

"हे लताने सुरू केलं. मी तिथे होतो."

"बबन, तुझं दुःख मी समजू शकतो," मास्तर हळुवारपणे म्हणाले. "पण मोरागची आजी हे करायची. मोरागने स्वतः मला सांगितलं, चर्चच्या पायरीवर उभं राहून."

"मोराग खोटं बोलली."

"चर्चच्या पायरीवर?" मास्तरांनी चष्मा काढला. "हे बघ. ही इतिहासाची कॅसेट आहे. चौऱ्याऐंशी साल म्हणजे इतिहास नव्हे, तेव्हाचा माझा कोट मी अजून घालतो. गोष्ट जर नवी असेल तर मी ती काढून टाकतो. आणि जुनी असेल तर त्यात लता कशी येईल? पाहिजे तर शेवटी आभार मानतो तिचे. छपाईवाल्यानंतर."

बबनला आभार नको होते. त्याला एवढंच हवं होतं, की त्या धोंड्यापाशी कुणीतरी लताचं नाव घ्यावं. तिच्या मागे ते नाव कोण घेणार होतं? तो स्वतः घ्यायचा, चहा टाकताना, चुकून दोन कप काढताना. पण तो गेल्यावर कोण?

मास्तरांनी सांगितलं, की शनिवारी नॉटिंगहॅमहून मराठी मंडळाची कोच-बस येते आहे. लता असतानाच तिने त्यांना बोलावलं होतं. बबनने त्यांना गाव दाखवावं, आपण मागून टेपरेकॉर्डर घेऊन येऊ. पाहुण्यांचे खरे आवाज कॅसेटमध्ये बरे वाटतील. "आणि धोंड्यापाशी मी तुला विचारीन. तू जे म्हणशील ते टेपवर जाईल. नवं म्हणालास तर तो भाग कापला. तुझ्यावर सोडलं."

बबन तडक पोस्टात गेला.

"मोराग, तुमची आजी धोंड्याला लोकर गुंडाळायची?"

"माझी आजी?" मोराग पार्सलवर शिक्के मारत होती. "ती त्या धोंड्याकडे बघायचीसुद्धा नाही. धोंडा सैतानाचा आहे म्हणायची. तसं तिला बरंच काही सैतानाचं वाटायचं. सायकलसुद्धा."

"मग मास्तरांना तसं का सांगितलंत?"

मोरागने शिक्का खाली ठेवला. "तळ्याकाठी बाक आहे ना, त्याला गावात काय म्हणतात?"

"नवा बाक."

"तो माझ्या सासूने ठेवला. पहिल्या महायुद्धानंतर. अजून तो नवा बाक आहे, आणि दर दोन वर्षांनी कौन्सिलमध्ये कोणीतरी उठून म्हणतो, तो नवा बाक तिथे शोभत नाही, काढून टाका." तिने शिक्का परत उचलला. "लताचं म्हणून सांगितलं तर लोकरीचा नवा बाक होईल. दोन वर्षांत कोणीतरी म्हणेल, मेंढ्यांच्या पायात अडकते, बंद करा. माझ्या आजीचं म्हटलं की हात लावायची कोणाची छाती नाही. तुला काय हवंय, लताचं नाव की लताची लोकर?"

"दोन्ही."

"मग तू हावरट आहेस."

"ती मेली तेव्हापासून आहे," बबन म्हणाला.

मोरागने पार्सलवर एक शिक्का जास्तच मारला. मग म्हणाली, "शनिवारी तू खरं बोललास तर मी या वयात खोटी पडेन. पडेन बापडी. पण बायकांनी फिरायचं थांबवलं ना, तर मी तुझं टपाल तुला स्वतः येऊन न्यायला लावीन."

"मी शेजारीच राहतो."

"तरी."

शनिवारी कोच आली. पंचवीसेक माणसं उतरली, बायका साड्यांवर अनोरॅक घातलेल्या आणि सगळे चिलटांवर हात मारत. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत पुढे होते. ते नॉटिंगहॅमला नंतर आलेले, बबनची त्यांची ओळख नव्हती. बरोबर त्यांची मुलगी उल्का, युनिव्हर्सिटीत शिकणारी, मराठी मोडकंतोडकं बोलणारी. जुन्यांपैकी एकच चेहरा होता. मधुमतीबाई, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. नॉटिंगहॅमला त्या लताच्या दोन घरं सोडून राहायच्या. त्यांनी बबनचा हात नुसता धरून ठेवला, आणि मग म्हणाल्या, "वाळलात हो."

फार्कर मास्तर खांद्याला टेपरेकॉर्डर लावून, मायक्रोफोन पुढे धरून मागे उभे राहिले.

पुलापाशी बबनने सांगितलं, "हा पूल. नदी तिकडे गेली."

लोक वाट बघत राहिले. पुढे काही आलं नाही.

"पण का गेला नदी?" उल्काने विचारलं.

"पूर आला."

"ओके," उल्का म्हणाली. मागे कोणीतरी जांभई दिली.

दोन्ही चर्चांपाशी तसंच झालं. तळ्यापाशी शशिकांत घड्याळ बघायला लागले. "बबनराव, आम्ही ऐकलं होतं की या टूरमध्ये फार मजा असते."

"ती माझी बायको करायची."

"अच्छा," म्हणून शशिकांत पुढे चालू लागले. भिंत आली. बबन म्हणाला, "हा किल्ला. बाकीचे दगड लोकांनी—" आणि थांबला. पंचवीस चेहरे चिलटांच्या चिकाटीने त्याच्याकडे बघत होते. त्याच्या मनात गोठे होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "इथल्या सरदाराचा पाय घरात टिकत नव्हता," तो म्हणाला.

त्याला ती गोष्ट शब्दन् शब्द पाठ होती हे त्याला तेव्हाच कळलं. कुठे थांबायचं, तेही. तिसरी भिंत पडली तेव्हा बायका मोठ्याने हसल्या.

"बरं केलं तिने," मधुमतीबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना एक भिंतसुद्धा ठेवली नसती मी."

मास्तर पुढे आले. "तू त्यांना काय सांगितलंस?"

"किल्ल्याचा इतिहास."

"त्यात हसण्यासारखं काय होतं?"

"आमच्याकडे गोठ्यांना हसतात," बबन म्हणाला. ही त्याची आयुष्यातली दुसरी थाप होती, दोन्ही याच सकाळच्या, आणि ही पहिलीपेक्षा सोपी गेली.

माळावर मोराग लोकरीचे गुंडे टोपलीत घेऊन उभी होती. धोंड्याला कंबरेच्या उंचीवर लाल, करडी, निळी लोकर होती, थोडी चिमण्यांनी ओढून काढलेली. सगळ्या बायका जागीच थबकल्या.

"अगं बाई, ही तर आपली वटपौर्णिमा," एक जण म्हणाली.

"पौर्णिमा सोमवारी आहे," दुसरी म्हणाली. "पण सोमवारी मी कामावर. आज उरकली तर चालेल ना?"

चालेल असं सर्वानुमते ठरलं आणि मोरागच्या टोपलीवर गर्दी झाली. शशिकांतांना तर उभं राहवेना. "मी केव्हापासून म्हणतोय. हे केल्ट लोक आणि आपण मूळचे एकच. लोकर बघा, फेऱ्यांची दिशा बघा. आपली माणसं इथे येऊन गेली आहेत."

"डॅड, प्लीज," उल्का म्हणाली.

मास्तरांनी बबनला विचारलं, ते काय म्हणताहेत. बबनने सांगितल्यावर मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकालाही हीच प्रथा? मग ती किती प्राचीन असेल." त्यांनी मायक्रोफोन बबनच्या तोंडासमोर धरला. "बबन, आता टेपसाठी सांग. ही प्रथा जुनी की नवी? तुमच्या भाषेत सांग आणि मग इंग्रजीत. दोन्ही ठेवू."

टेपची चाकं फिरत होती. मोराग गुंडा हातात घेऊन त्याच्याकडे बघत होती. चौऱ्याऐंशी साल बबनच्या अगदी ओठांवर होतं. खरं होतं, आणि त्याचं होतं. पण धोंड्याभोवती बायका एकमेकींच्या पायात येत फिरत होत्या, कोणाची लोकर कोणाच्या गुंड्याची याचा वाद चालला होता, एक जण नवऱ्याला ओरडून सांगत होती की पाचवी फेरी झाली आणि अजून विचार बदलता येईल. लताला हे सगळं बघायला फार आवडलं असतं. साल कोणतं, याची तिने फिकीर केली नसती.

"जुनी आहे," बबन म्हणाला. "फार जुनी. या मोरागबाईंच्या आजीपासून चालत आलेली."

"कूल," उल्का म्हणाली. "त्या आजीचा नाव काय होता?"

बबनला कुणी असं विचारेल असं वाटलं नव्हतं. त्याने मोरागकडे पाहिलं. तिला मराठीचा गंध नव्हता.

"लता," तो म्हणाला.

"बघा," शशिकांत सगळ्यांकडे वळून म्हणाले. "नावसुद्धा आपलंच."

मास्तरांनी भुवया उंचावल्या. एवढा एक शब्द त्यांना समजला होता; बाकीचं बबनने इंग्रजीत सांगितलं. "मोराग, तो म्हणतो तुझ्या आजीचं नाव लता होतं. मला वाटत होतं इशबेल. चर्चच्या आवारात थडग्याचा दगड आहे तिचा."

मोरागने पापणीही हलवली नाही. "ती वडिलांची आई. ही आईकडची."

"लता हे काही हायलँडचं नाव नव्हे."

"जुनं आहे," मोराग म्हणाली. "आता ठेवत नाहीत."

मास्तरांनी मान डोलावली आणि मायक्रोफोनमध्ये आपल्या खोल आवाजात सांगितलं, की ग्लेनफाराची ही प्रथा ग्रॅनी लता हिच्यापासून गावाला ठाऊक आहे. त्यांना ते वाक्य आवडलं असावं, कारण त्यांनी ते परत एकदा म्हणून घेतलं. बबन दोन्ही वेळा ऐकत उभा राहिला. चिलटं चावत होती, पण त्याने हात हलवला नाही. टेपवर आवाज गेला असता.

मधुमतीबाई फेरी अर्धी टाकून त्याच्याजवळ आल्या होत्या. त्यांचा नवरा तर केव्हाच गेला होता. त्या कोणासाठी फिरत होत्या ते त्यांनाच माहीत. त्यांनी बबनकडे पाहिलं, मग धोंड्याकडे, मग लोकरीकडे.

"या आजीला मी ओळखत होते," त्या म्हणाल्या. "फार थापाडी बाई."

मास्तरांनी टेप चालूच ठेवला होता. "या बाई काय म्हणाल्या?"

"पुरावा दिला," बबन म्हणाला.